आघाडीवर न गेलेली गाडी

"अंबादासजी, जरा जोर से घिसो. परवा जनरलसाहेब येऊन राहिले," नीलकंठ साहेब म्हणाले.

अंबादास मानमोडे गाडीखाली आडवे होते. बाहेर फक्त पाय होते आणि साहेब पायांशीच बोलत होते. कारखान्याच्या शेडमागे अठ्ठावीस वर्षं पडून राहिलेल्या या फौजी गाडीतून मानमोड्यांनी आतापर्यंत घुशींचं बीळ, गांधीलमाश्यांचं पोळं आणि बाभळीचं एक हौशी रोप बाहेर काढलं होतं. नव्याण्णवचा जून होता. कारगिलात तोफा चालू होत्या, जबलपुरातल्या या फौजी गाड्यांच्या कारखान्यात ओव्हरटाइम. अशा वेळी फाटकाशी एकाहत्तरची लढाई लढलेली गाडी उभी करावी, असं वर ठरलं. शोधल्यावर एकच सापडली.

सीटखालचा गंज रॉकेलनं पुसला, तशी एक लाल फुली वर आली. शेजारी पंचनं ठोकलेली अक्षरं होती : अं. मा.

मानमोडे बाहेर आले. "साहेब, ही गाडी लढाईत गेलीच नाई."

"काहून?"

"मीच अडवली होती. चेसिसला भेग हाय. चढावर हँडब्रेक धरत नाई."

एकाहत्तरात मानमोडे टेस्टर होते. फोरमन भय्यासाहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, "देश का सवाल है, दस्तखत मार दे." मानमोड्यांनी फुली मारली. त्यानंतर गाडी पासही झाली नाही आणि भंगारातही गेली नाही. फाइल विचाराधीन राहिली. मानमोड्यांची चार्जमनपदाची बढतीही विचाराधीन राहिली. लढाईवर गेलेल्या गाड्या संपल्या. न गेलेली शिल्लक राहिली, म्हणून पराक्रमी ठरली.

साहेबांनी खिशातून कागद काढला. 'सदर वाहन युद्धात आघाडीवर होते. मी साक्षीदार आहे.'

"तेव्हाचे तुम्ही एकटेच उरले. परवा तुमचं रिटायरमेंट. त्याच मंचावर चार्जमन जाहीर करतो. एक दिन के लिए सही."

"आणि हँडब्रेक?"

"चौथऱ्यावर ब्रेक कशाला लागतो, काका? फक्त रंग पाहिजे."

घरी सत्यवतीबाईंनी कागद वाचला. राइट टाउन मोहल्ल्यातल्या साऱ्या ओळखीच्यांना त्या अठ्ठावीस वर्षं सांगत आल्या होत्या, 'आमचे हे चार्जमन होऊन राहिले.'

"करून टाका सही. कोणाचा जीव जाऊन राहिला?"

"भय्यासाहेबही हेच म्हणाले होते."

"तेव्हा त्यात जवान बसणार होते. आता कोण बसते?"

तरी सकाळी मानमोड्यांनी कागद सही न करताच परत केला. साहेबांची पंचाईत झाली नाही. स्टोअरच्या शालिग्रामनं सही केली.

"एकाहत्तरात तू कुठं होता बे?" मानमोड्यांनी विचारलं.

"चौथीत, दादा. पण गाडी पाहिली असंन मी. मले गाड्यांचा शौक होता." शालिग्राम चार्जमन झाला.

समारंभाला चौथरा पाहून मानमोडे थबकले. गाडी चाल करून जाताना दिसावी म्हणून तो उताराचा बांधला होता. गाडीचं नाक आभाळाकडे. जनरलसाहेबांनी हार घातला. मग फोटोसाठी शाळेची पोरं झेंडे घेऊन गाडीत चढली. पाच, आठ, अकरा.

गाडी दोन बोटं मागं सरकली.

"उतरवा पोरांना!" मानमोडे ओरडले.

"फोटो तो होने दो, चाचा," फोटोवाला म्हणाला.

मानमोड्यांनी बांधकामातली उरलेली वीट मागच्या चाकाखाली सारली आणि तिथंच बसून टायरला खांदा लावला. मंचावरून नाव पुकारलं गेलं, "श्री अंबादास मानमोडे!" पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा पुकारल्यावर पहिल्या रांगेतल्या सत्यवतीबाई उठल्या. निरोपाची शाल आणि नारळ त्यांनीच घेतला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

नवऱ्याला शोधत त्या चौथऱ्यामागं आल्या. नवे कपडे धुळीत, मान वाकडी, खांदा चाकाला. वर पोरं जयजयकार करत नाचत होती. त्यांच्या पायांच्या ठेक्यावर गाडी हलत होती.

सत्यवतीबाईंनी वर पाहिलं. मग खाली. शाल आणि नारळ त्यांनी जमिनीवर ठेवला, पैठणीचा पदर खोचला आणि दुसऱ्या चाकासाठी वीट उचलून आणली.