कण्हणारा कॉम्प्युटर

कळंब्यातल्या त्या दोन खोल्यांच्या घरात गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. बाया पार स्वयंपाकाच्या ओट्यापर्यंत दाटून बसल्या होत्या, पुरुष दारात चपलांच्या ढिगावर उभे होते आणि गल्लीतली पोरं खिडकीच्या गजांना लोंबकळत होती. सगळ्यांचे डोळे एका टेबलावर होते. तिथं हळदीकुंकवानं माखलेला, झेंडूच्या हारांत बुडालेला एक कॉम्प्युटर होता.

अनुजा वाट काढत आत आली, तशी एक बाई तिच्यावर खेकसली, "पायातलं काढ की! देव हाय आत."

हे अनुजाचं माहेर. ती शिरोळच्या शाळेत विज्ञान शिकवायची. धाकटा भाऊ सम्राट घरीच बसून लग्नपत्रिका आणि डिजिटल फलक तयार करायचा. उन्हाळ्यात हायवेवर ट्रकखाली गेला. त्यानंतर आई एकटीच राहत होती. फोनवर "बरी हाय" एवढंच म्हणायची. काल मात्र शेजारच्या शालूबाईंचा फोन आला होता, "तुझ्या आईचं लक्षण बरं न्हाई. तूच ये बघून."

धोंडुबाई टेबलाशेजारी भिंतीला टेकून बसली होती. नुसती हाडं उरली होती. उजव्या पायाला फडकं गुंडाळलेलं होतं आणि उदबत्त्यांच्या धुरातूनही त्या फडक्याचा वास लपत नव्हता.

टेबलापाशी केरबा महाराज उभा होता. पूर्वी जत्रेत नशीब उजळणाऱ्या अंगठ्या विकायचा. आता अंगावर भगवं, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि त्या माळेत ओवलेला पेनड्राइव्ह.

"शरीर म्हंजे हार्डवेअर!" तो गरजला. "आत्मा म्हंजे सॉफ्टवेअर! हार्डवेअर जळालं म्हणून सॉफ्टवेअर मरतंय व्हय? सम्राटनं आपला आत्मा ह्यात सेव्ह करून ठेवलाय. पाचाच्या ठोक्याला बघा!"

पाच वाजले. कॉम्प्युटरच्या डब्यावरचा बारीक दिवा इतका वेळ मंद उघडझाप करत होता, तो एकदम स्थिर झाला. आत काहीतरी फिरायला लागलं. आधी घरघर झाली आणि मग घशातून ओढून काढल्यासारखं लांबलचक कण्हणं घरभर पसरलं.

"ये सम्राऽऽट!" म्हणत केरबानं टेबलावर दाणकन थाप मारली. काळा पडदा उजळला आणि त्यावर सम्राटचा हसरा चेहरा आला.

बायांनी हंबरडा फोडला. अनुजाचेही हात आपोआप जुळायला निघाले होते. इतक्यात आईचं बोलणं कानावर पडलं.

"लई दुखतंय का रं बाळा?"

"दुखणारच!" केरबा म्हणाला. "आईच्या अंगात टोचलेली सुई पोराच्या आत्म्याला लागती."

"आता न्हाई टोचत मी. श्रावणापास्नं सुईला शिवलो न्हाई, लेकरा."

अनुजाला आधी कळलंच नाही. मग कळलं. आईच्या मधुमेहाचं इन्सुलिन. तिनं खाली बसून आईच्या पायाचं फडकं सोडलं. दोन बोटं काळी पडली होती आणि काळेपणा वर पाऊलभर चढला होता.

"शालूकाकू, रिक्षा बोलवा. आत्ताच्या आत्ता."

"मी न्हाई यायची," धोंडुबाईनं टेबलाचा पाय घट्ट धरला. "त्याला असा कण्हत टाकून मी कुठं जाऊ?"

अनुजा उठली आणि कॉम्प्युटरकडे वळली.

"शिवू नका, ताईसाब!" केरबा आडवा आला. "तेरावं झाल्यापास्नं कुणी हात लावला न्हाई. धूळसुदिक पुसू दिली न्हाई मी. शिवाल तर आत्मा भटकंल."

"धूळसुद्धा नाही?"

"न्हाई म्हंजे न्हाई!"

"मग आवाज त्या धुळीचाच आहे," अनुजा म्हणाली. तिनं हार बाजूला काढले आणि माऊस हातात घेतला. लोक मागे सरकले. फोटोच्या जागी एक चौकट उघडली. तिच्यात हिरवी पट्टी हळूहळू पुढं सरकत होती.

"बघा. यंत्र व्हायरस शोधतंय. झाडलोट करायला आपण दिवस ठरवतो ना? तसं सम्राटनं ठरवलं होतं. दर गुरुवारी पाचला यंत्रानं स्वतः जागं व्हायचं, व्हायरस शोधायचा, नको त्या फायली पुसायच्या आणि परत झोपायचं. तो गेला त्या दिवशी हे चालूच राहिलं होतं, इन्व्हर्टरवर. तेव्हापासून हे दिलेलं काम करतंय. त्याचा मालक गेला हे त्याला कुठून कळणार?"

"आनि फोटू?" दारातून कुणीतरी विचारलं.

"फोटो त्यानंच लावलेला. महाराज थाप मारतात, टेबल हलतं, माऊस हलतो आणि पडदा लागतो. तुम्ही मारा, तुमच्याही हातानं सम्राट येईल."

"खोटं!" केरबा ओरडला. "आत्मा त्याच्या टायमाला येतो!"

"मग मी सांगेन त्या टायमाला आणते." अनुजानं वेळ बदलली, यंत्र झोपवलं आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. "मोठा काटा चारावर आला की."

कुणी हललं नाही. काटा चारावर आला. दिवा स्थिर झाला, घरघर झाली, कण्हणं सुरू झालं. शालूबाईंनी भीत भीत टेबलावर थाप मारली आणि पडदा उजळला. गर्दीतून एक सुस्कारा उमटला. केरबा दाराकडे सरकत होता. आतापर्यंत त्याच्या पाया पडणाऱ्यांनीच त्याचं बखोट धरलं.

धोंडुबाई मात्र तशीच टेबलाला धरून होती. "कण्हतंय की अजून," ती म्हणाली.

अनुजानं यंत्र बंद केलं, तार काढली, डब्याचं एका बाजूचं झाकण उघडलं. आतला पंखा दिसतच नव्हता. त्यावर धुळीची करडी गोधडी बसली होती, वर अंगारा आणि उदबत्तीची राख. यंत्र कामाला लागलं की तापायचं आणि गार करायला हा अडकलेला पंखा जिवाच्या आकांतानं फिरायचा. तिनं सम्राटच्या खणातल्या ब्रशनं ती धूळ काढली, शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब पंख्याच्या मध्यभागी सोडला आणि यंत्र परत लावलं.

पंखा फिरला. हलकासा वारा आला. आवाज नव्हता.

धोंडुबाईनं कान डब्याला लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग लेकीकडे बघून म्हणाली, "गप केलंस त्याला. आता तो मला कवा बी हाक मारायचा न्हाई."

चौघांनी धोंडुबाईला उचलून रिक्षात घातलं.

त्याच रात्री गुडघ्याखालून पाय काढावा लागला. डॉक्टर म्हणाले, महिनाभर आधी आणलं असतं तर बोटांवर भागलं असतं. केरबावर जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल झाला. तो जामिनावर सुटला. पाय काही परत आला नाही.

आठवडाभर धोंडुबाई लेकीशी बोलली नाही. मग एकदा सुई घेताना तिनं नर्सचा हात धरला आणि अनुजाला विचारलं, "ही घेतली तर त्याला लागत न्हाई? खरं सांग."

"नाही, आई. सम्राटला आता काहीच दुखत नाही."

धोंडुबाईनं दंड पुढं केला. सुई टोचली आणि पोरगा गेल्यापासून पहिल्यांदाच ती मनमोकळं रडली.

घराची किल्ली घ्यायला अनुजा कळंब्याला गेली, तेव्हा गल्लीतल्या बाया जमल्या. एकीनं हळूच विचारलं, "मशीन तळ्यात सोडायचं का, ताई?"

"कशाला? चांगलं चालतंय ते. शाळेला देईन." ती निघणार होती, पण थांबली. "देव माना, नका मानू, ज्याचा त्याचा प्रश्न. पण 'औषध बंद कर' असं डॉक्टर सोडून दुसऱ्या कुणी सांगितलं, तर त्याला उंबऱ्यावरच अडवा. 'हात लावू नका, उघडू नका' असं कुणी म्हणालं, तर आधी तेच उघडा. आणि विचारा, हे होतं कसं? परत करून दाखव. एवढंच विचारायचं असतं हो. त्या खोलीत तुम्ही सगळे होता. एकानं जरी विचारलं असतं, तर माझी आई आज दोन पायांवर घरी आली असती."