धोंडुबाईचा दुसरा फोटो

"आत्याबाई, नाटकं बास झाली आता. उठा की," मोना सासूच्या काखेत हात घालत म्हणाली.

व्हीलचेअरवरची धोंडुबाई अर्धवट उठली आणि किंचाळून पुन्हा बसली. एक्स-रे काढणारी संयोगिता मशीनजवळून धावत आली.

"अहो, सोडा त्यांना! मी स्ट्रेचर आणतो."

पाच दिवसांपूर्वी धोंडुबाई गोठ्यात पाय घसरून पडली होती. तेव्हाही शाहूपुरीतल्या याच दवाखान्यात संयोगितानं तिच्या खुब्याचा एक्स-रे काढला होता. तो पाहून डॉ. अभिराम सबनीस म्हणाले होते, "हाड शाबूत आहे. मुका मार आहे, चालवा त्यांना."

"मी रोज चालवलो की," मोना सांगू लागली. "अंगणात चार फेऱ्या. तर ह्या बोंबलत्यात नुसत्या. कालपास्नं पायच टेकंनात. धारा काढायच्या चुकवायला ढोंग करत्यात, असं आमचे मालक पण म्हणत्यात."

धोंडुबाई भिंतीकडे बघत होती. सत्तरीची, अंगानं दांडगी बाई. पण पाच दिवसांत तिचा चेहरा उतरला होता. संयोगितानं तिच्या पायांकडे पाहिलं. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला पडलं होतं आणि तो पाय डाव्यापेक्षा आखूड दिसत होता. एकोणीस वर्षं हे काम केल्यावर खुबा मोडलाय एवढं कळायला फोटो लागत नाही.

मग पहिल्या फोटोत का दिसलं नाही, तेही तिला माहीत होतं. शरीरात शिरलेले किरण सगळेच सरळ पार होत नाहीत. काही आत आपटून वाटेल तिकडे फाकतात, आणि ते फोटोवर आले की सगळं धुरकट होतं. अंग जितकं जाड, तितका धूर जास्त. तो अडवायला पलंगाखाली शिशाच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते, ग्रिड. ती आठ महिन्यांपूर्वी पडून वाकली होती. संयोगितानं डॉक्टरांना तीनदा सांगितलं. "सॉफ्टवेअरमध्ये काँट्रास्ट वाढवा," एवढंच उत्तर मिळालं. त्यात त्या दिवशी बाहेर रांग होती. तिनं मशीनची किरणं सोडणारी खिडकी सताड उघडी ठेवून कंबरेपासून मांड्यांपर्यंत सगळं एकाच फोटोत घेतलं होतं. खिडकी लहान करून किरण थोडेच सोडले असते, तर धूर कमी झाला असता का? हा प्रश्न मात्र सॉफ्टवेअरचा नव्हता, तिचा होता.

या वेळी तिनं घाई केली नाही. धोंडुबाईला चौघांकडून अलगद पलंगावर घेतलं. पोटाचा भार रुंद पट्ट्यानं वर ओढून बांधला. किरणांची खिडकी मिटवत मिटवत वहीच्या पानाएवढी केली. उजेडाचा चौकोन फक्त खुब्यावर राहिला. किरणांचा जोर उतरवला, वेळ थोडा वाढवला.

"लई दुखतंय गं बाई," धोंडुबाई कुजबुजली.

"माहीत हाय मावशी. एकदाच. अजिबात हलू नका."

फोटो पडद्यावर आला. फार स्वच्छ नव्हता, पण मांडीच्या हाडाची मान तुटून सरकलेली स्पष्ट दिसत होती. तिनं शेजारी पाच दिवसांपूर्वीचा फोटो उघडला. करड्या धुरात, नेमक्या त्याच जागी, केसासारखी रेघ होती. कुठं बघायचं हे कळल्यावर ती दिसत होती.

डॉक्टर आले. दोन्ही फोटो बराच वेळ पाहत राहिले.

"तेव्हाच कळलं असतं तर स्क्रूवर भागलं असतं. आता खुब्याचा गोळाच बदलावा लागेल," ते स्वतःशीच म्हणाले. मग दार लोटून घेत, पलंगावर धोंडुबाईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, "संयोगिता, रजिस्टरला लिहा, घरी पुन्हा पडल्या. आणि जुना फोटो काढून टाका."

"पडल्या नाहीत सर त्या."

"तुमच्यासाठीच सांगतोय. फोटो कोणी काढला होता?"

तिची डिप्लोमाची मूळ कागदपत्रं नोकरीला लागली त्या दिवसापासून डॉक्टरांच्या कपाटात होती. दोनदा दुसरीकडं काम मिळत होतं. दोन्हीकडं मूळ कागद मागितले, आणि दोन्ही वेळा डॉक्टर "शोधून ठेवतो" म्हणाले. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती. या खोलीला खिडकी नव्हती, शिशाचा पत्रा ठोकलेलं एकच दार होतं. ते उघडून ती बाहेर गेली.

बाकावर मोना फोनवर नवऱ्याला सांगत होती, "अजून फोटूच काढाय लागल्यात..."

"मोना, फोन ठेव जरा," संयोगिता म्हणाली. "सासूबाईंचं हाड मोडलंय. आज न्हाय, त्याच दिवशी मोडलंतं. माझ्या फोटोत दिसलं न्हाय."

मोनानं फोन खाली घेतला. "म्हंजे... मी मोडक्या पायावर चालवलो त्यांस्नी?"

"तुला चालवाय सांगितलंतं. चूक आमची हाय."

मोनानं डॉक्टरांच्या केबिनचं दार ढकललं. तिचा आवाज खालच्या मेडिकल दुकानापर्यंत गेला. "दोन्ही फोटू द्या आमचे! आमी दुसरीकडं नेतो!" डॉक्टरांनी दोन्ही फोटो दिले, आणि सगळ्यांसमोर सांगितलं की चूक टेक्निशियनची आहे.

मोना गाडी बघायला गेली तेव्हा त्यांनी संयोगितापुढं कोरा कागद सरकवला. "चूक कबूल असल्याचं लिहून द्या."

तिनं लिहिलं. खिडकी मोठी ठेवली, हेही लिहिलं. शेवटी एक ओळ घातली: ग्रिड आठ महिन्यांपासून वाकलेली आहे, तीन वेळा कळवले आहे.

"ती ओळ खोडा."

"खरी हाय सर ती."

डॉक्टरांनी कागदाची घडी घातली, कपाटात तिच्या कागदपत्रांच्या फाईलवर ठेवली आणि किल्ली फिरवली. "उद्या आठला या. शिरोलीच्या कामगारांचा कॅम्प आहे. शंभरेक छातीचे फोटो आहेत."

"व्हय," ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती?

पोर्चमध्ये गाडी लागली होती. स्ट्रेचर आत सरकवताना धोंडुबाईनं तिचा हात धरला. मोना तिथंच उभी आहे हे बघून, मुद्दाम मोठ्यानं म्हणाली, "तू सांगितलीस म्हणून, बाई. न्हायतर मी मरूस्तोवर ढोंगीच ऱ्हायलो असतो."

मोना गाडीत चढली, सासूच्या उशाशी बसली आणि तिचं डोकं मांडीवर घेऊ लागली. धोंडुबाईनं मान ताठ ठेवली. आतून पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं, तरी संयोगिता पायरीवर उभी राहिली. गाडी गेटातून वळली, धक्का बसला, आणि मागच्या काचेतून तिला दिसलं, की धोंडुबाईनं हळूहळू डोकं टेकवलं.