बंद मोटारीचा आवाज

सुकेशनीबाई जिंतूरच्या शाळेतून निवृत्त झाल्या, त्याला वर्ष झालं होतं. नवरा आधीच गेलेला, मुलगी साक्षी पुण्याला नोकरीला. एका दुपारी त्या शेजारच्या सिद्धोधनच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"तुमची बोअरची मोटार सकाळपासून चालूच हाय का? एकसारखा आवाज यायलाय."

"न्हाई बाई, बंद हाय. थांबा, मेनच बंद करतो."

पंखा थांबला. फ्रिजची घरघर थांबली. बाईंना तो आवाज मात्र आणखीच स्पष्ट ऐकू यायला लागला.

"आता थांबला का?"

"हां, थांबला," बाई म्हणाल्या आणि घरी आल्या.

कानात कापसाचे बोळे घालून पाहिले, तर आवाज उलट वाढला. शेवटी एकट्याच एसटीनं परभणीला गेल्या. डॉक्टरांनी कान तपासले.

"आतल्या नसा कमजोर झाल्यात. गोळीनं हा आवाज जाणार नाही, पण धोका काही नाही. अगदी शांत खोलीत बसू नका. पंखा, रेडिओ बारीक लावून ठेवा. हळूहळू सवय होईल."

"सवय म्हणजे?"

"आवाज असेल, पण तुमचं तिकडं लक्ष नसेल."

परतताना एसटीच्या खडखडाटात तो बुडून गेला. घरी येऊन कुलूप काढलं, दार लोटलं, तर होताच.

ताप नाही, सूज नाही. कुणाला दाखवणार? दिवाळीला साक्षी आली, तेव्हा बाईंनी तिला सांगितलं. साक्षी जवळ सरकली आणि तिनं आपला कान आईच्या कानाला लावला. श्वास रोखून बराच वेळ तशीच बसली.

"मला तर काहीच ऐकू येईना गं, आई."

"कसं येईल? तो माझ्यापुरताच हाय."

साक्षी हसायला गेली आणि तिचे डोळे भरून आले. दोन दिवसांनी ती पुण्याला गेली.

त्या दुपारी बाईंनी रेडिओ बारीक लावला आणि गहू निवडायला घेतले. खडे वेचता वेचता परात संपली, दुसरीही भरून घेतली. मग अचानक त्यांच्या ध्यानात आलं, इतका वेळ तो आवाज ऐकूच आला नव्हता. ध्यानात आलं तसा तो परत सुरू झाला.

"ये," बाई म्हणाल्या, आणि एका कपाचं आधण ठेवायला उठल्या.