पाचच्या आत काय ते ठरव

धाकटीचं डोकं सकाळपासून ठिकाणावर नव्हतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. विद्यापीठात संगणकशास्त्राच्या पदवीला तिला जागा मिळाली होती. संध्याकाळी पाचच्या आत वेबसाइटवर 'प्रवेश नक्की' हे बटण दाबायचं, नाहीतर जागा पुढच्याला. दुसरीकडे, ज्या इस्पितळाच्या संगणक विभागात ती वर्षभर उमेदवारी करत होती, तिथे कायमची नोकरी तयार होती. अट एकच, शनिवारची नेटवर्किंगची सर्टिफिकेट परीक्षा पास व्हायची. विद्यापीठ दुसऱ्या गावात, वर्ग दिवसभराचे. दोन्ही एकदम जमणार नव्हतं.

अशा वेळी माणसाने कुणाला विचारू नये. धाकटीने सगळ्यांना विचारलं.

बाबा पदवीधर. इतिहासात पहिला वर्ग, आणि पुढे अठ्ठावीस वर्षं मालवाहतुकीच्या कचेरीत ट्रकांच्या वेळा लिहिणं. "पदवीने माझं काय भलं केलं गं?" ते म्हणाले. "हाताला काम लागलंय ते सोडू नकोस. सर्टिफिकेट घे." चला, ठरलं एकदाचं, असं म्हणत ती कामावर गेली, तर तिथे तारमास्तरांनी नेमकं उलटं सांगितलं.

तारमास्तर म्हणजे तिचे साहेब. सगळं इस्पितळ त्यांना याच नावाने ओळखायचं. पदवी नाही, पण सर्टिफिकेटं अकरा, आणि त्यातली निम्मी दर तीन वर्षांनी शिळी व्हायची. पन्नाशी उलटलेला हा माणूस जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून परीक्षेचे प्रश्न घोकत बसायचा. "पोरी, माझ्या हाताखाली शिकलेले दोघं आज मला रजा मंजूर करतात," ते म्हणाले. "का, तर त्यांच्याकडे पदवी आहे. तू मुकाट्याने विद्यापीठात जा."

ज्याच्याकडे जे होतं, त्याला त्याचंच कौतुक नव्हतं. आता विश्वास ठेवायचा कुणावर? तिने आईला फोन केला, तर आई म्हणाली, "आधी जेवून घे."

जेवूनही काही सुचेना. मग हाताला चाळा म्हणून ती तारांचं कपाट आवरायला बसली. त्यात एक जुना, स्वस्तातला स्विच होता. सगळ्या संगणकांच्या तारा या पेटीत येऊन एकमेकींना भेटायच्या. तिने धूळ पुसली, तारा सरळ केल्या, लोंबकळणारं एक टोक रिकाम्या भोकात खोचलं आणि दार लावून टाकलं.

थोड्याच वेळात इस्पितळ ठप्प झालं. नावनोंदणीच्या खिडकीपुढची रांग पार दारापर्यंत गेली, औषधांची खिडकी बंद पडली, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या मोठ्या सिस्टर फोनवर असं काही बोलल्या की तारमास्तरांनी रिसिव्हर कानापासून लांब धरला. दोघांची जिन्यावरून वर-खाली धावाधाव सुरू झाली. आपलं बटण धाकटीला फोनवरूनही दाबता आलं असतं. पण दाबायचं की नाही, हेच कुठे ठरलं होतं?

साडेचारला तारमास्तरांनी कपाट उघडलं. स्विचचे सगळे दिवे पिसाटल्यासारखे लुकलुकत होते. त्यांनी तारा एकेक करून चाचपल्या, एक ओढून काढली आणि दिवे शांत झाले. त्या तारेची दोन्ही टोकं एकाच पेटीत होती.

"हे कुणी केलं?"

"मी," धाकटी म्हणाली. शरमेने तिचे कान तापले. "लोंबकळत होती, म्हणून खोचली."

"अगं, लक्ष कुठे होतं तुझं?"

"दोन्हीकडे."

तारमास्तरांना रागवायचं होतं, पण ते जमलं नाही. "असू दे. आता लक्षात ठेव. एकच निरोप इथून निघतो, इथेच येतो, फिरत राहतो, वाढत जातो. मग बाकीच्यांना वाट राहत नाही."

"पण तो थांबत का नाही? इतके फेरे झाले की बस, असं त्यात का नाही लिहिलं? बनवणाऱ्यांना सुचलं नसेल का?"

तारमास्तर हातातली तार गुंडाळू लागले. "तार काढायची, एवढं परीक्षेत येतं," ते हळूच म्हणाले. "का ते मला माहीत नाही, पोरी. पंचवीस वर्षांत मी विचारलंही नाही."

त्यांचा पडलेला चेहरा धाकटीला बघवेना. आपण उगाच विचारलं, असं तिला झालं. आणि तरी तो 'का' काही केल्या डोक्यातून जाईना.

पाचला सात मिनिटं असताना तिने फोन काढला आणि बटण दाबलं. हलकं वाटेल असं तिला वाटलं होतं. पण तसं काही झालं नाही. बाबांना काय सांगायचं? नोकरी हातची गेली, आता पुढे तरी निभेल का? "चुकलं का हो माझं?" तिने विचारलं.

"मला काय ठाऊक?" तारमास्तर खुर्चीत बसले आणि त्यांनी चष्मा काढला. "पण त्या फेऱ्यांचं उत्तर मिळालं की मला येऊन सांग. विसरू नकोस. मी आता कुणाला विचारणार?"