ज्योत्स्नामॅडमचा रिकामा वर्ग

मित्रांनो, मला सगळे जुना व्हिडिओ कॅमेरा म्हणतात. खरं तर मी जुना झालो नाही, नुसता ठेवला गेलो.

२००४ साली नाशिकच्या एका कॉलेजातल्या ज्योत्स्नामॅडमना विद्यापीठाचं अनुदान मिळालं. ज्या मुलींना रोज येणं जमत नाही, त्यांच्यासाठी भूगोलाचा दूरशिक्षण अभ्यासक्रम करायचा होता. महिन्यातून एकदा कॉलेजात यायचं, बाकी घरी सीडी बघून शिकायचं. त्या अनुदानातून मी आलो. मला हार घातला, नारळ फोडला. या समारंभाचे फोटो काढायला दुसरा कॅमेरा भाड्याने आणला होता.

मग शिपाई मल्हारीकाकांनी मला कपाटात ठेवून कुलूप लावलं. "अनुदानाची वस्तू हाय. वापरली तर खराब व्हईल," म्हणाले.

मॅडमनी मला बाहेर काढलं ते भांडूनच. आवाज नको म्हणून पंखा बंद केला आणि रिकाम्या वर्गात माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सगळी नोकरी भरल्या वर्गात गेलेली. बाकांशी बोलायचं तरी काय? शेवटी त्यांनी मल्हारीकाकांना माझ्या मागे बसवलं.

"मला भूगोलातलं काय कळनार, मॅडम?"

"कळायची गरज नाही. नुसती मान हलवा."

काकांनी सगळे मोसमी वारे आणि नद्यांची खोरी मान हलवत पार केली. डोळे मिटले तरी मान चालू असायची. मॅडम त्यांच्याकडे बघून शिकवायच्या. मी दोघांच्या मधे उभा. माझ्याकडे कोणी बघत नसे.

पहिली सीडी सटाण्याला स्नेहलकडे गेली. लग्न झालं म्हणून कॉलेज सुटलेली ही मुलगी. तिच्यासारख्यांसाठीच मॅडमनी अनुदान मागितलं होतं. तिचा फोन वर्गातच आला. आवाज असा खणखणीत, की फोनशिवायही पोचला असता.

"मॅडम, तुम्ही माझ्या डोक्यावरून कोणाकडे बघता? सासूबाई दोनदा उठून मागे कोण आलंय ते बघून आल्या."

मॅडम हसल्या. ती हसली नाही.

"दुसऱ्याच कोणाला तरी शिकवताय तुम्ही. मी आपली खिडकीतून ऐकतेय असं वाटतं. नाव काढून टाका माझं."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी काकांना व्हरांड्यात बसवलं. खुर्ची ओढून त्या समोर बसल्या आणि थेट माझ्या काचेत बघितलं.

"स्नेहल, आज फक्त तू आणि मी. गिरणा नदी घेऊ."

मला असं कोणी कधी बघितलं नव्हतं. त्या माझ्यातून पार सटाण्याला बघत होत्या, हे मला ठाऊक होतं. तरी लाजून क्षणभर माझा फोकस सुटलाच.

स्नेहलने नाव राहू दिलं. परीक्षा दिली, पासही झाली. मग अभ्यासक्रम संपला, अनुदान संपलं, आणि काकांनी मला मखमली पिशवीत घालून पुन्हा कुलूप लावलं. दसऱ्याला ते कपाटालाच बाहेरून हळदकुंकू लावतात.

मित्रांनो, माझी हेळसांड कोणी केली नाही. काळजीच फार घेतली. तुमच्या घरी असं जपून ठेवलेलं काही असेल, तर त्याला हात लावा. घासलं तर घासू द्या, पडलं तर पडू द्या.

परवा शेजारच्या कप्प्यात नव्या अनुदानाचा नवा कॅमेरा आला. त्याच्या काचेवर झाकण आहे, माझ्याही आहे. त्यामुळे अजून ओळख झालेली नाही. कोणी एक झाकण काढलं तरी पुरे. कोणाचं का असेना.