खुंटीवरचं नाव

थर्मासचं बूच फट्कन उडालं, ओट्याच्या कडेला आपटलं आणि गडगडत रिग्झिनच्या पायाशी जाऊन थांबलं.

काल संध्याकाळपासून त्या दीड खोलीत कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. रिग्झिनने वाकून बूच उचललं, शर्टाला पुसलं आणि बायकोपुढे धरलं. ल्हाझोमने ते घेतलं नाही. लोणी घातलेला खारट चहा तिने दोन वाट्यांत ओतला. तिसरी वाटी पालथीच राहू दिली.

"म्हणजे मला चहा नाही?"

"तुला हात आहेत. जीभही आहे, असं मी इतके दिवस समजत होते. चार महिने शाळेत जाताना ती कुठे काढून ठेवायचास?"

"हळू बोल. छेतेन उठेल."

"छेतेन!" ती हसली, पण त्या हसण्याने रिग्झिनची मान खाली गेली. "घरात छेतेन. आणि शाळेच्या फाटकात शिरली की?"

पुढचा शब्द तिने गिळला. ते नाव पाच वर्षांत तिच्या ओठांवर आलं नव्हतं.

काल घडलं ते एवढंच. रिग्झिन पॅरिसच्या एका खानावळीत भांडी घासायचा आणि मोमोंच्या पाऱ्या लाटायचा. दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणांमध्ये त्याला तीन तास मोकळे मिळत, तेव्हा तो गाडीने नदीकाठच्या या गावात येऊन पोरीला शाळेतून घरी आणायचा. ल्हाझोम त्या वेळी एका कचेरीच्या फरश्या पुसत असायची. काल खानावळीतला दुसरा माणूस आजारी पडला, म्हणून पहिल्यांदाच ती गेली, अंगावरचा निळा एप्रन तसाच ठेवून. पायरीवर उभी असलेली बाई आईबाप दिसतील तसतशी एकेका मुलाला हाक मारत होती. तिने ल्हाझोमकडे पाहिलं, चेहऱ्यावरून ओळखून मान डोलावली आणि अख्ख्या पटांगणाला ऐकू जाईल अशा आवाजात ते नाव घेतलं.

आणि पोरांच्या घोळक्यातून ल्हाझोमची मुलगी त्या हाकेला ओ देत, हसत धावत आली.

नेपाळात, पोखऱ्याच्या तिबेटी वस्तीत असताना ती दोन वर्षांची होती. तीन महिने ताप उतरेना. दवाखाने झाले, सुया झाल्या, पोर काडीसारखी झाली. शेवटी लामांनी फासे टाकले आणि म्हणाले, हे नाव या अंगाला पेलत नाही, नाव बदला. सातूच्या पिठाची बाहुली केली. तिला पोरीचं झबलं घातलं, पोरीचं नाव दिलं आणि तिन्हीसांजेला वस्तीबाहेरच्या तिठ्यावर नेऊन टाकलं. मागे वळून पाहायचं नव्हतं. ल्हाझोमने पाहिलं नाही. पोरीचं नाव छेतेन झालं आणि पाचव्या दिवशी तिने भात मागितला. त्या दिवसापासून ते जुनं नाव बाहुलीचं होतं. त्या नावाने हाक मारायची म्हणजे तिठ्यावर टाकलेलं हाताला धरून परत घरात आणायचं, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

रिग्झिन तेव्हा इथे, फ्रान्समध्ये होता. बायकोपोरीला आणण्याचे कागद त्याने आधीच भरले होते, जुन्या नावाने.

"मी तुला कितीदा विचारलं," ल्हाझोम म्हणाली. "सप्टेंबरात विचारलं. बाईंना सांगितलंस ना? तू म्हणालास, सांगितलं."

"सांगणार होतो. पहिल्याच दिवशी तिने यादी काढली, बोट ठेवलं, नाव वाचलं. मी म्हटलं, हो. काय म्हणणार होतो? कागदावर तेच आहे. ते बदलायला गेलो असतो तर तुम्हा दोघींना यायला आणखी दोन वर्षं लागली असती. तुला चाललं असतं?"

"मला खोटं चाललं नाही."

"आणि मला बरं वाटलं होतं?" रिग्झिनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "ते नाव आणायला मी दोन दिवस बसने गेलो होतो. लामांनी लिहिलेली चिठ्ठी टोपीत घालून आणली, भिजू नये म्हणून. इथे आलो तेव्हा पोर आठ महिन्यांची. माझ्याजवळ होतं काय? एक फोटो आणि ते नाव. तू फोनवर ते कसं घ्यायचीस, अजून माझ्या कानात आहे."

"गप्प बस."

"बसतो. पण शाळेत जाऊन तमाशा करू नकोस. इथे आरडाओरडा करणाऱ्या माणसांची नोंद होते."

पलंगाकडून खोकला आला. कोरडा, खोलवरचा. दोघंही वळली.

"तीन दिवस झाले," ल्हाझोम हळूच म्हणाली.

"डिसेंबर आहे. अख्खं गाव खोकतंय."

"अख्ख्या गावाला त्या नावाने हाक मारत नाहीत."

छेतेन उठून बसली होती. सात वर्षांची, केस विस्कटलेले. भांडण ऐकलं नाही असं दाखवण्यात ती आता तरबेज झाली होती. तिने स्टुलावरची वाटी घेतली आणि तोंडाला लावली. त्या घरात जिकडे तिकडे तिच्या चिठ्ठ्या होत्या. दार, खिडकी, फ्रीज, मिठाचा डबा, आरसा, सगळ्यांवर तिने फ्रेंच नावं लिहून चिकटवली होती, अमाला पाठ व्हावीत म्हणून; बापाला, तिच्या पालाला, ती आधीच येत होती. देवाच्या फोटोखालीसुद्धा एक होती. फक्त तिच्या पलंगाला चिठ्ठी नव्हती. काल रात्रीपर्यंत ल्हाझोमच्या ते लक्षात आलं नव्हतं.

"तुला बाई कुठल्या नावाने हाक मारते, मला का नाही सांगितलंस?"

छेतेनने वाटीतून डोळे वर काढले. "तू चिडली असतीस."

* * *

चर्चच्या मागच्या खोलीत आठवड्यातून चार दिवस फ्रेंचचा वर्ग भरायचा. शिकवणारे मस्य, म्हणजे श्रीयुत, तिबो हे निवृत्त पोस्टमन, पाठीला बाक, आणि पाव मागणं हा जगण्याचा पाया आहे अशी ठाम समजूत. तीन महिन्यांत वर्ग पाव, बस, भाडं आणि पोटदुखी इथपर्यंत आला होता.

"आजचा धडा, औषधाचं दुकान," ते म्हणाले.

ल्हाझोमने हात वर केला. "मस्य. मला दुसरं हवं."

"दुसरं काय?"

तिने वही पुढे केली. रात्री जागून तिने वाक्यं जुळवली होती. मस्य तिबोंनी चष्मा लावून वाचलं आणि लाल पेनने सुरुवातीला 'कृपया' घातलं. मग 'त्रास देते, माफ करा' घातलं. मग 'शक्य असल्यास' घातलं.

"आता बघा, किती छान झालं!"

"छान नको," ल्हाझोम म्हणाली. "मी… माझ्या पोटात आग. आग कशी म्हणायची?"

"आग? घरात आग लागली तर अठरा नंबरला फोन—"

शेजारी बसलेली फान्ता खदखदून हसली. आफ्रिकेतल्या माली देशाची होती, चार मुलांची आई. तिचं फ्रेंच धावतं होतं, फक्त लिहिता येत नव्हतं. "अहो मस्य, ती रागावली आहे! तीन महिने तुम्ही आम्हाला कृपया शिकवता. माझा नवरा कृपया ऐकून कधी उठलाय? तुमच्या पुस्तकात राग कितव्या पानावर आहे?"

मस्य तिबोंनी खरंच पानं उलटली. राग कुठेच नव्हता. त्यांनी चष्मा काढला आणि फळ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं: मी रागावले आहे.

"म्हणा."

अकरा जणांनी म्हटलं. आधी पाव मागितल्यासारखं. मग फान्ताने टेबलावर थाप मारली. तिच्यापाठोपाठ काबूलच्या म्हाताऱ्याने मारली, जो आजवर वर्गात एक शब्द बोलला नव्हता. पाचव्या वेळेला खिडकीच्या काचा थरथरल्या आणि शेजारच्या खोलीतून पाद्रीबाबा डोकावून गेले. प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे कोणी ना कोणी होतं. ल्हाझोम वाक्य पुटपुटतच बाहेर पडली. कचेरीत तिने निरोप धाडला, आज येत नाही. रिग्झिनला कळवलं, आज तू येऊ नकोस.

* * *

साडेचारला ल्हाझोम शाळेच्या पायरीवर होती. कालची बाई, मादाम कोर्बेल, पन्नाशीची होती, गळ्यात पोरांनी ओवलेली मण्यांची माळ. बाहेर गारठा होता म्हणून तिने ल्हाझोमला आपणहून आत घेतलं, ओळीने खुंट्या असलेल्या बोळात. छेतेन तिथेच उभी होती.

"बरं झालं भेटलात. तुमची—" आणि तिने ते नाव घेतलं, लाडाने घेतलं. "फार हुशार आहे."

ल्हाझोमने मुठी आवळल्या. "नाव. ते नाव नाही. ते नाव नको."

"कोणतं नाव, मादाम?"

ल्हाझोमने जोरजोरात नकारार्थी मान हलवली.

"तुम्ही सांगितल्याशिवाय मला कसं कळावं?"

आता काय सांगणार? रात्रभर वाक्यं जुळवली, पण हे सुचलंच नव्हतं. जे घेऊ नका म्हणायचं, ते आधी आपल्याच तोंडाने घ्यावं लागणार होतं. तिने बोटाने छेतेनकडे दाखवलं, कानाकडे दाखवलं, हात झटकला. बाई समजुतीने मान हलवत राहिली, आणि त्या समजूतदारपणानेच ल्हाझोमचं डोकं आणखी तापलं. ती लेकीकडे वळली आणि आपल्या भाषेत एका दमात म्हणाली:

"सांग तिला. हे नाव पाच वर्षांपूर्वी तिठ्यावर टाकलं. मेलेल्याला हाक मारू नये, एवढं शिकवलं नाही का तुला कोणी, म्हणावं. पुन्हा घेतलंस तर उद्यापासून पोर पाठवणार नाही, म्हणावं. जसंच्या तसं सांग."

छेतेनने आपल्या बुटांकडे पाहिलं. मग मान वर करून गोड, सफाईदार फ्रेंचमध्ये बोलली. "अमा म्हणते, मला खोकला आहे. उद्या मला पोहायला नेऊ नका. आणि ती तुमचे आभार मानते."

"अगं, एवढंच ना!" बाई हसली. "मुळीच नेणार नाही."

खोकला. उद्या. पोहणं. आभार. चारही शब्द पुस्तकाच्या पहिल्या तीस पानांतले. ल्हाझोमला चारही कळले.

"नाही!" बोळातली दोन पोरं कोट घालता घालता थांबली. "ती खोटं. मी ते नाही बोलले. मी रागावले आहे. मी रागावले आहे! ते नाव मेलं. मेलेलं नाव, हाक नाही!"

छेतेनचे कान लालबुंद झाले. ती भिंतीला टेकली.

मादाम कोर्बेलचं हसू विरलं, पण आवाज चढला नाही. ती एकेक शब्द सावकाश बोलली. "मादाम, माझ्या यादीत जे आहे ते मी वाचते. दुसरं हवं असेल तर कागद आणा. माझ्या मनाने मी कुणाच्या मुलाचं नाव बदलू शकत नाही. आणि खरं सांगू? तिला हे नाव आवडतं. तुम्हीच पाहा."

तिने खिडकीशेजारची खुंटी दाखवली. छेतेनचा लाल कोट तिथे होता. वर जाड कागदाची पट्टी, तिच्यावर ते नाव, प्रत्येक अक्षराला वेगळा रंग. कडेने डोंगर काढले होते, पोखऱ्याहून दिसतात तसे, मधला माशाच्या शेपटीसारखा. अक्षर तेच होतं, दारावरचं, फ्रीजवरचं, मिठाच्या डब्यावरचं.

ल्हाझोमने पट्टी ओरबाडली. गोंद सुकलेला होता, अर्धी हातात आली, अर्धी भिंतीलाच राहिली. तिने तीही नखाने खरवडून काढली. दोन्ही तुकडे फरशीवर पडले.

कोट घालणारी पोरं दोन पावलं मागे सरली.

"दोन दिवस बसून केली होती तिने," मादाम कोर्बेल म्हणाली.

छेतेन रडली नाही. ती पुढे झाली, वाकली, दोन्ही तुकडे उचलले, डोंगर चुरगळू नयेत म्हणून एकावर एक नीट ठेवले आणि कोटाच्या खिशात घातले. मग कोट काढून अंगात घातला.

बाईने कपाटातून कोरी पट्टी आणि पेन्सिल आणली. "उद्या तिला खुंटी लागेल. काय लिहू?"

एकेक अक्षर ल्हाझोमने सांगितलं, मस्य तिबोंनी शिकवलेलं. बाईने लिहिलं, चिकटवलं. "पेन्सिलीनेच लिहिते. कागद येईपर्यंत."

ल्हाझोम जिंकली होती. घरी जाऊन हे रिग्झिनला सांगायचं, त्याच्या तोंडावर सांगायचं, असं तिने मनाशी म्हटलं. पण नदीकाठच्या रस्त्याला लागेपर्यंत त्यातली चव गेली होती.

छेतेन दोन पावलं पुढे चालत होती. रोज ती रस्ताभर पाट्या वाचायची. आज एक हात खिशात, दुसराही आईला दिला नाही.

"थंडी वाजते का?"

छेतेनने पाऊल आणखी लांब टाकलं.

"घरी गेल्यावर थुकपा करते. शेवया आणि मुळा घालून. गरम गरम."

"अमा."

"काय गं?"

"ती बाहुली खरंच मेली?"

"हो."

"आणि तिच्याबरोबर ते नावही."

"हो."

छेतेनने पाच-सात पावलं विचार केला. काठाला बांधलेल्या बोटीवर कोणीतरी कपडे वाळत घातले होते, ते थंडीने ताठ झाले होते.

"पाला सांगतो, आपण इथे नव्हतो तेव्हा तो माझ्या फोटोला त्याच नावाने हाक मारायचा."

"त्याला काही कामधंदा नव्हता."

"आणि त्याच्याआधी, मी बाळ होते तेव्हा? तेव्हा तर तूपण मारत असशील."

ल्हाझोमने मान डोलावली. मफलर वर ओढला.

छेतेन थांबली. वळून आईसमोर उभी राहिली, खिशातली मूठ तशीच मिटलेली, आणि दिवसभरात पहिल्यांदाच तिने आईच्या डोळ्यांत पाहिलं.

"कशी मारायचीस गं हाक?"