समासातल्या नोंदी

“तळघर पाहिलं, बांधणीला गेलेले गठ्ठे पाहिले. नाही म्हणजे नाही,” ग्रंथपाल चष्मा पुसत म्हणाले.

“पण सूचीत तर आहे ना!” तिने चौथ्यांदा विचारलं.

“सूचीत असतं ते कपाटात असेलच असं नाही, बाई.”

सतरा वर्षं प्रसूतिकक्षात परिचारिका म्हणून राबल्यावर तिने पीएच.डी.साठी रजा काढली होती. विषय जुन्या काळच्या सुईणींचा. त्यांच्या तपासणी-अहवालांचा एकच खंड काय तो शिल्लक होता, आणि नेमका तोच गायब. प्रबंध द्यायला तीन आठवडे उरलेले. मार्गदर्शक सरांनी तिसरं प्रकरण तीनदा परत पाठवलं होतं. शेरा दर वेळी तोच : ‘मूळ अहवाल पाहा.’ तिचं कशातच लक्ष लागेना. नवरा म्हणालासुद्धा, “अगं, जेवताना तरी पाय हलवणं थांबव.”

शेवटी तिने हट्टाने देवघेवीची जुनी रजिस्टरं काढायला लावली आणि एकटीच चाळत बसली. अकरा वर्षांपूर्वीच्या एका पानावर खंडाचा क्रमांक सापडला. शेजारची सही ओळखीची होती. तिच्या प्रत्येक प्रकरणाखाली तीच असायची. सरांची.

कुणाला काही न बोलता ती तडक सरांच्या घरी गेली. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, दार उघडलं. सर खिडकीपाशी बसले होते.

“सर, तो सुईणींच्या अहवालांचा खंड तुमच्याकडे आहे का?”

“माझ्याकडे? छे! पण मिळव बरं का तो. त्याशिवाय तुझं काम लंगडं.” जरा थांबून त्यांनी मवाळपणे विचारलं, “तुझा विषय काय म्हणालीस?”

सर चेष्टा करताहेत असं वाटून ती हसली. काकू हसल्या नाहीत. तिला स्वयंपाकघरात नेऊन त्या हळूच म्हणाल्या, “विसरायला लागलेत, वर्ष होत आलं. कुणाला कळू दिलं नाही. दोन महिन्यांनी निवृत्त होतायत, तेवढं मानानं होऊ दे गं.”

ती उसळून म्हणाली, “आणि माझं वर्ष, काकू?”

काकू स्टुलावर चढल्या आणि माळ्यावरचे गठ्ठे उतरवू लागल्या. तिने स्टूल घट्ट धरलं. तिसऱ्या गठ्ठ्यात खंड निघाला.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपालांनी तो उलटून पालटून पाहिला. “कुणाकडे होता?”

“सापडला. बाकी विचारू नका.”

“बरं. पण समासात पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. खोडल्याशिवाय जमा करून घेता येणार नाही. खोडरबर देतो.”

ती टेबलाशी बसली. सरांचं अक्षर बारीक, टोकदार. ‘हा आकडा फुगवलेला.’ ‘या बाईने तपासणीला नकार दिला, का, ते शोधणे.’ सहा महिने ती ज्या प्रश्नाभोवती घुटमळत होती, तो सरांनी अकरा वर्षांपूर्वीच नेमका पकडला होता. तिचं तिसरं प्रकरण तिथे समासात अर्धं उभं होतं.

तिने वहीत नवं पान काढलं, वर सरांचं पूर्ण नाव लिहिलं आणि एकेक नोंद पृष्ठक्रमांकासह उतरवायला घेतली. एक उतरवायची, मग ती खोडायची.

बंद करायची वेळ झाली. “उरलेलं उद्या करा,” ग्रंथपाल म्हणाले.

“नको, होतच आलं.”

जुना कागद फाटू नये म्हणून तिने पान डाव्या तळव्याने दाबून धरलं आणि शेवटची ओळ अगदी हलक्या हाताने खोडली.